दोन कपाटं, दोन किल्ल्या : मुलांच्या केसेसचे कागद आणि स्वयंसेवकांचा आढावा

कोर्टात किंवा बाल कल्याण समितीपुढे केस असलेल्या मुलांना आमच्या संस्थेचे स्वयंसेवक मदत करतात. अशाच एका स्वयंसेवक ताईंच्या सहामाही आढाव्याला आम्ही चौघं बसलो होतो. 'या काळात सर्वांत अवघड गेलेलं काम' या रकान्यात ताईंनी मुलीचं नाव लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच : हुपरीतल्या चांदी कारागिराची सहावीतली मुलगी, वडील दीड वर्षापूर्वी वारले, आता कागलला आजोळी. आमच्यातल्या एका बाईंचं सासर हुपरीचं. त्यांनी वाचता वाचता कागद खाली ठेवला, 'अगं, ही तर आमच्या...' म्हणाल्या आणि गप्प झाल्या. (गावं आणि नाती इथे बदलून लिहिली आहेत, हे वेगळं सांगायला नको.)

नाव गाळलं की ओळख लपते, असं मोठ्या शहरात होत असेल. कोल्हापुरात 'कुठल्या पेठेतला, कुठल्या तालमीचा, कुणाचा पावणा' या तीन प्रश्नांत माणूस सापडतो. आणि त्या दिवशी गोष्ट फुटली ती मुलीच्या फाईलमधून नव्हे. ती फाईल कुलपात होती. फुटली ती ताईंच्या स्वतःच्या फाईलमधून, जी आम्ही साध्या ड्रॉवरमध्ये ठेवत होतो. तेव्हापासून मुलांचे कागद आणि स्वयंसेवकांचे कागद हे एकच काम समजून मी शिकवते. या कामात, विशेषतः समन्वयक म्हणून, नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय.

कायदा किती माहीत हवा

वकिलाएवढा नको. पण तीन-चार गोष्टी तोंडपाठ हव्यात.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कामाच्या संदर्भात मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील जाहीर करायचा नाही. हे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला लागू आहे, कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला आहे, पीडित आणि साक्षीदार मुलालाही आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमात वर्तमानपत्र, मासिक यांच्या जोडीला संपर्काची इतर माध्यमंही येतात, त्यामुळे 'मी काही पत्रकार नाही' हे उत्तर पुरत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपलाही हेच लागू, असं धरूनच मी चालते. याच कायद्याच्या कलम ९९ नुसार बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळापुढे आलेले मुलाबद्दलचे अहवाल गोपनीय असतात.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा. त्याचं कलम २३ प्रसारमाध्यमांसाठी आहे, पण ओळखीत काय काय येतं याची त्यातली यादी स्वयंसेवकाने एकदा वाचावीच : नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार. शेजारसुद्धा! आमची पेठ आणि गल्ली त्यात आलीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात हेच आणखी ताणून सांगितलं : दुरूनही ओळख पटेल असं काही बाहेर जाता कामा नये.

आणि पोक्सोचंच कलम १९. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर शिक्षा आणखी वाढते. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नका. आम्ही पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगतो : 'तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला धोका आहे असं वाटलं, तर तुला मदत करणाऱ्या एक-दोन माणसांना मला सांगावं लागेल. सांगायच्या आधी तुला सांगेन.'

पहिलं काम : माणूस आत घेताना

स्वयंसेवकाची फाईल पहिल्या दिवशी उघडा. त्यात अर्ज, ओळखीचा पुरावा, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, ओळखीच्या दोन माणसांशी फोनवर झालेल्या बोलण्याच्या नोंदी आणि गोपनीयतेचं हमीपत्र. दाखला यायला वेळ लागतो, तोवर त्या माणसाला मुलांपाशी एकटं पाठवायचं नाही. कितीही भला असो, कुणाचाही भाचा असो.

हमीपत्रावर सही घेऊन मोकळं होऊ नका. समोर बसून मोठ्याने वाचा आणि प्रत्येक कलमाला एक प्रसंग विचारा. 'रंकाळ्यावर फिरताना केसमधलं मूल आईबरोबर समोरून आलं. तुम्ही काय कराल?' नव्वद टक्के लोक हसून सांगतात, 'हात करणार, विचारपूस करणार.' चुकीचं उत्तर. मूल स्वतः बोललं तर बोलायचं, नाहीतर अनोळखी माणसासारखं पुढे जायचं. तुमच्याबरोबर नवरा किंवा मैत्रीण असेल तर 'कोण गं ती?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तरही घरून ठरवून निघायचं. 'ओळखीची' एवढंच. नात्यातली किंवा ओळखीची मुलं स्वयंसेवकाकडे द्यायची नाहीत, त्यासाठी त्यांचं गाव, सासर-माहेर आणि शाळा विचारून ठेवा. आमच्या वरच्या प्रसंगात हेच राहून गेलं होतं, ताईंच्या बाबतीत नव्हे, आढावा घ्यायला बसलेल्या बाईंच्या बाबतीत.

मुलाला क्रमांक

प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या. रोजच्या नोंदी, खर्चाची पावती, भेटीचं वेळापत्रक, सगळीकडे तोच. नाव आणि क्रमांक यांची जोडी दाखवणारी एकच वही असते, ती वेगळ्या कुलपात आणि किल्ली दोघांकडेच.

क्रमांक करताना हुशारी दाखवायचा मोह होतो. तालुक्याचं अक्षर, जन्मसाल, मुलगा की मुलगी. 'गग/मु/१३' असं लिहिलं की गगनबावड्यासारख्या छोट्या तालुक्यात अर्धी ओळख तिथेच झाली. सरळ ४१, ४२, ४३ लावा.

नोंद लिहिणं

इथे मी नव्यांना सर्वांत जास्त वेळ देते. कारण पुढचं सगळं, आढावासुद्धा, या नोंदींवर उभं असतं. पोक्सोचा खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, पण फाईल त्याहून जास्त जगू शकते. तुम्ही सोडून गेल्यावर ती दुसऱ्या कुणीतरी वाचायची आहे.

एका नव्या दादांची पहिली नोंद अशी होती :

'आज गृहभेट दिली. घरचं वातावरण वाईट. आई बेजबाबदार वाटते. मूल घाबरलेलं. काका संशयास्पद.'

यात एकही गोष्ट दिसत नाही. आम्ही बसून तीच भेट पुन्हा लिहिली :

'४ ला पोचलो, ४.४० ला निघालो. घरी आई, आजी, मूल. मूल दाराशी उभं होतं, मी बसल्यावर आजीच्या मागे गेलं. आई म्हणाली, "मी फॅक्टरीतनं सातला येते, तवर आजीच बघत्या." मूल दोनच वाक्यं बोललं : "शाळेत जायचं न्हाई. बाई रागावत्यात." काका घरी नव्हते, त्यांच्याबद्दल शेजारणीने आपणहून काही सांगितलं, ते ऐकीव म्हणून खाली वेगळं लिहिलं आहे. माझं मत : आजीला कमी दिसतं. चार ते सात या वेळात मुलाकडे नक्की कोण असतं ते पुढच्या भेटीत समजून घ्यायला हवं.'

पाहिलेलं, ऐकलेलं, स्वतःचं मत. तीन कप्पे, सरमिसळ नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे ठेवा. 'न्हाई'चं 'नाही' करू नका. शुद्धलेखन शिकवायला आपण गेलेलो नाही, आणि कधी कधी मूल कुठला शब्द वापरतं यावरच पुढचं बरंच काही ठरतं.

मूल अत्याचाराबद्दल बोलू लागलं तर ऐका. खोदून विचारू नका, 'मग त्याने काय केलं' असं ओढून काढू नका. तपास आपलं काम नाही. एकच प्रसंग चार जणांना चार वेळा सांगायला लावणं हाही मुलाचा छळच आहे. बोललेलं त्याच शब्दांत लिहा, वेळ टाका, त्याच दिवशी समन्वयकाला फोन करा आणि पुढची पोलिसांकडची पायरी लगेच घ्या. रात्रीची वेळ असेल तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीच्या मदतीचा नंबर) आहेत.

नोंद चोवीस तासांत. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, व्हाईटनर नाही.

कागद कुठे राहतो, कुठे फिरतो

मुलांचं कपाट वेगळं, स्वयंसेवकांचं वेगळं. किल्ल्याही वेगळ्या माणसांकडे. जागा नाही ही तक्रार मी ऐकून घेत नाही, आमचं दुसरं कपाट मंडईजवळच्या जुन्या बाजारातून आणलेलं आहे आणि त्याचं दार अजून एका बाजूला झुकतं.

फाईल बाहेर काढली की वहीत नोंद : कोण, कधी, कशासाठी, परत कधी. समितीच्या बैठकीला किंवा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाताना पूर्ण फाईल नेऊ नका, लागेल तेवढाच कागद न्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून शहरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून अपिलाचे कागदही आपल्याच गावात फिरतात. जेवढे कागद फिरतील तेवढे हात वाढतात.

माझीच चूक सांगते. कोर्टाच्या तारखेच्या सकाळी घाईत एका झेरॉक्सच्या दुकानात मी दोन पानांच्या प्रती काढल्या आणि मूळ पान मशीनच्या काचेवर विसरून आले. पुढच्या गिऱ्हाइकाने झाकण उचललं. दुकानदाराने माणुसकी दाखवून हाक मारली म्हणून निभावलं. तेव्हापासून ऑफिसात छोटा प्रिंटर आहे. तो सारखा अडकतो, शाई महाग पडते. तरी बाहेर झेरॉक्स बंद.

फोनचं प्रकरण याहून अवघड. पान टायपून पाठवायचा कंटाळा येतो म्हणून लोक नोंदीचा फोटो काढतात आणि तो फोटो गॅलरीत, गॅलरीतून ढगात, म्हणजे क्लाउडवर, तिथून घरच्या टीव्हीवर मावशीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये सरकत येतो. असं खरंच झालं आहे. आमचे नियम साधे : मुलाचा फोटो स्वतःच्या फोनवर नाही. नोंदीचा फोटो नाही. व्हॉइस मेसेजवर केस नाही. ग्रुपवर फक्त 'बुधवार ४ वाजता, ४२, कोण जाणार?' एवढंच. वाढदिवस, सहल, बक्षीस, पाठमोरा फोटोसुद्धा नाही. पाठीवर शाळेचा गणवेश असतो आणि गणवेश कोल्हापुरातली प्रत्येक आई ओळखते.

आणि गाडी. दुचाकीवर संस्थेचं स्टिकर लावून गृहभेटीला जाऊ नका. गल्लीत गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत बातमी होते.

कोण मागतं, कुणाला द्यायचं

बाल कल्याण समिती, न्यायालय, तपास अधिकारी यांनी मागितलं तर लेखी पत्रावर, समन्वयकामार्फत, पोच घेऊन. जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही तसंच. स्वयंसेवकाने परस्पर कुणालाच काही द्यायचं नाही. मुलाच्या हितासाठी ओळख उघड करणं गरजेचं असेल तर चौकशी करणारी समिती किंवा मंडळ लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकतं. तो निर्णय त्यांचा.

देणगीदार, पत्रकार, शाळेचे शिक्षक, मुलाचे दूरचे चुलते, यांना नाही. खरी कसोटी मात्र नगरसेवकाच्या फोनची असते. 'ताई, आमच्या वॉर्डातलं पोर आहे, मदतच करायची आहे, नुसतं नाव सांगा.' बऱ्याचदा हेतू चांगलाच असतो. आम्ही एक वाक्य पाठ करून ठेवलंय : 'साहेब, असं कुठलं मूल आमच्याकडे आहे की नाही, हेसुद्धा मला सांगता येत नाही. मदत द्यायची असेल तर संस्थेच्या नावाने पत्र द्या.' आवाज गोड ठेवायचा, वाक्य बदलायचं नाही.

आढावा

आता ज्याला नवे लोक घाबरतात ते. आम्ही पहिला आढावा एका महिन्याने घेतो, दुसरा तिसऱ्या महिन्यात, मग दर सहा महिन्यांनी. पहिला लवकर घ्यायचा कारण वाईट सवय महिन्याभरात लागते आणि सहा महिन्यांत पक्की होते.

तयारी अशी. आढावा घेणाऱ्याने त्या स्वयंसेवकाकडच्या तीन क्रमांकांच्या नोंदी मुलांच्या कपाटापाशी बसूनच वाचायच्या. तिथून फक्त कामाबद्दलची टिपणं घ्यायची : किती भेटी ठरल्या, किती झाल्या, नोंद किती दिवसांनी आली, पाहिलेलं आणि मत वेगळं आहे का, कळवायची गोष्ट वेळेत कळवली का. मुलाची हकीकत टिपणात येता कामा नये. आढाव्याच्या कागदावर फार तर '४२ च्या मार्चमधल्या भेटी' एवढंच. मुलाबद्दल बोलायची वेळ आलीच तर फॉर्म मिटवून, मुलांच्या फाईलवर वेगळी बैठक घ्यायची. हा लेख वाचून एवढंच लक्षात ठेवलंत तरी माझं काम झालं.

केसचा निकाल मोजू नका. आरोपी सुटला, साक्षीदार फितूर झाला, समितीने मुलाला घरी पाठवलं, आई पत्ता बदलून निघून गेली, यातलं काहीच स्वयंसेवकाच्या हातात नसतं. निकाल मोजायला लागलात की माणसं सोप्या केसेस मागतात, नाहीतर मुलावर दबाव आणतात. मोजायचं ते वेळेवर जाणं, लिहिणं, मर्यादा पाळणं आणि अडलं की विचारणं.

पाचपैकी किती गुण, हे मला पटत नाही. साडेतीन गुण मिळालेली बाई घरी जाऊन काय सुधारणार? तीन वाक्यं लिहा : काय चांगलं झालं, काय राहिलं, पुढच्या आढाव्यापर्यंत काय करायचं. आणि आधी त्यांना बोलू द्या.

शब्दांचा फरक बघा. 'तुमच्या नोंदी नेहमी उशिरा येतात' म्हटलं की माणूस बचावात जातो. 'मार्चमधल्या सहा भेटींपैकी चार नोंदी आठवड्याने आल्या, काय अडलं?' असं विचारल्यावर एका ताईंनी सांगितलं, 'राधानगरीकडनं शेवटची एसटी धरून घरी यायला नऊ होतात. मग भाकरी. लिहू कधी?' आम्ही त्यांच्या भेटी शनिवार सकाळवर आणल्या आणि परतताना ऑफिसात बसून लिहायची सोय केली. पुढच्या सहामाहीत त्या विषयावर बोलायचीच गरज पडली नाही. एसटीत बसून लिहायची युक्ती एकीने काढली होती, ती आम्ही हाणून पाडली. शेजारचा पावणा वाचतोच.

आढावा चहाच्या टपरीवर नको, दार लागणाऱ्या खोलीत हवा. त्यात स्वयंसेवकाच्याही खासगी गोष्टी येतात : झोप लागत नाही, घरी सासूशी वाद चाललाय, एका मुलाच्या आठवणीने रडू येतं. ते कागदावर उतरवायचं असेल तर विचारून आणि कमीत कमी. 'एक महिना नवीन केस नको, असं ठरलं' एवढं पुरतं, कारण लिहायची गरज नाही. त्यांच्या आढाव्याचा कागद त्यांना वाचायला मिळाला पाहिजे आणि असहमत असतील तर खाली दोन ओळी लिहायची जागा पाहिजे. दुसऱ्या स्वयंसेवकाला मात्र तो दिसता कामा नये.

गोपनीयता फुटली असेल तर आढाव्याची वाट बघू नका. त्याच तासाला : काय बाहेर गेलं, कुणापर्यंत, मागे घेता येतं का, मुलाला आज रात्री काही धोका आहे का. मग समिती किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवा, लेखी. स्वयंसेवकाने आपणहून सांगितलं असेल तर त्याची नोंद त्यांच्या बाजूने करा. सांगणाऱ्याला आधी झोडपलं तर पुढचा लपवतो. घसरलेली जीभ आणि फुशारकीची सवय यात फरक करायचा. पहिल्याला पुन्हा शिकवा, दुसऱ्याला घरी पाठवा.

आणखी एक गोष्ट आढाव्यात कधीच मिसळायची नाही : स्वयंसेवकाच्या मुलाशी वागण्याबद्दलची तक्रार. अशी तक्रार आली की त्या क्षणापासून मुलांपासून दूर, आणि गुन्ह्याचा संशय असेल तर सरळ पोलीस. 'आपसात बसून बघू' हे कलम १९ पुढे टिकत नाही.

माणूस जाताना

ओळखपत्र, डायरी, किल्ली परत. फोनमधलं जे काही असेल ते समोर बसून पुसायचं, ग्रुपमधून काढायचं, हमीपत्र आयुष्यभर लागू आहे हे पुन्हा एकदा वाचून सही.

जुन्या फायली किती वर्षं ठेवायच्या ते आपल्या मनाने ठरवू नका. खटला, अपील आणि समितीचे आदेश बघून, वकिलाला विचारून, लेखी ठराव करूनच नष्ट करा. नष्ट म्हणजे श्रेडर. रद्दीवाल्याला कागद दिला की तो संध्याकाळी भेळेचा पुडा होऊन हातात येतो.

आणि मुलाला सांगायला विसरू नका. ताई बदलणार हे निदान दोन भेटी आधी कळायला हवं, शेवटच्या भेटीला नव्या ताईंना बरोबर न्यावं. मूल रुसलं, बोललं नाही, आधीच्या ताईंची ओढणी धरून बसलं, तर तसंच लिहायचं. ती नोंद मुलाच्या कपाटात जाते. जाणाऱ्या ताईंच्या फाईलमध्ये फक्त 'हस्तांतर पूर्ण', तारीख आणि क्रमांक.